पुढच्या पाळीचें तिकीट

कार्तिक वद्य एकादशीला वसईजवळच्या निर्मळ गांवीं जत्रा भरते. जत्रा म्हटली म्हणजे खेळणीं आलीं, मिठाई आली आणि पाळणाहि आला. पाळण्याचा व्यवहार लहान मुलालाहि समजतो. पाळणेवाल्याच्या हातावर पैसे ठेवावे, डब्यांत बसावें, ठरलेले फेरे झाले कीं उतरावें. आणखी बसावयाचें असेल तर आणखी पैसे द्यावे. खिसा रिकामा झाला कीं हौस आपोआप आटोपते. त्यामुळें पाळण्यापाशीं माणसें जमलीं तरी तीं फार वेळ तुंबून राहत नाहींत. ज्याला परवडतें तो बसतो, ज्याला परवडत नाहीं तो खालीं उभा राहून बघतो. आणि बघण्याला अजून तरी कोणी पैसे मागितलेले नाहींत.

आजच्या मोठ्या करमणूक-उद्यानांत हा व्यवहार उलटा झाला आहे. तेथें सारे पैसे दरवाज्यावरच भरावयाचे. एकदां आंत गेलें कीं दिवसभर कोणत्याहि पाळण्यावर, कोणत्याहि घसरगुंडीवर, वाटेल तितक्या वेळां बसण्याची मोकळीक. ऐकावयास हें फार उदार वाटतें. परंतु ज्या वस्तूला वेगळी किंमत द्यावी लागत नाहीं ती सर्वांनाच हवी असते. आणि सर्वांना ती एकाच वेळीं देतां येत नसेल तर ती वांटण्याचा दुसरा कांहीं मार्ग काढावा लागतो. तो मार्ग म्हणजे रांग. दरवाज्यावर पैसे मोजून झाले कीं आंत वेळ मोजावी लागते. मुलांना घेऊन पहाटे घरून निघालेलें कुटुंब दिवसाचे सात-आठ तास उद्यानांत काढतें, आणि संध्याकाळीं हिशेब केला तर त्यांतले पाळण्यावरचे तास थोडे व कठड्याला टेकून उभें राहिल्याचे पुष्कळ, असा अनुभव सुटीच्या दिवसांत सर्रास येतो.

वसई-विरारकरांना अशा उद्यानांची ओळख नवी नाहीं. खाडीपलीकडे गोराईला १९८९ सालीं एस्सेलवर्ल्ड निघालें आणि १९९८ सालीं त्याच्या शेजारीं वॉटर किंगडम हें जलोद्यान आलें. विरारच्या पूर्वेला पारोळच्या बाजूस ग्रेट एस्केप नांवाचें जलोद्यान आहे. २०१३ च्या एप्रिलांत खोपोलीजवळ इमॅजिका उघडलें आणि उंच रुळांवरून उलटीपालटी धांवणारी गाडी पाहावयास परदेशीं जाण्याचें कारण उरलें नाहीं. या इमॅजिकानें साध्या तिकिटाच्या जोडीला ‘एक्सप्रेस’ नांवाचें अधिक किंमतीचें तिकीट काढलें. दक्षिणेंत कोची, बंगळूर, हैदराबाद येथें उद्यानें चालविणाऱ्या वंडरला कंपनीनें तशाच तिकिटाला ‘फास्टट्रॅक’ म्हटलें. नांवें निराळीं, माल एकच. हें तिकीट ज्याच्या हातीं असेल त्याच्यासाठीं निराळी वाट असते. ती मोठ्या रांगेच्या कडेनें जाऊन थेट पाळण्याच्या पायरीशीं मिळते, आणि तेथला नोकर दोन्ही वाटांकडे पाहून माणसें आंत सोडतो. पूर्वीं रांगेंत मध्यें शिरावयाचें तर कोणाची तरी ओळख लागे, नाहींतर निगरगट्टपणा लागे. आतां वशिल्याला छापील दर आला आहे.

या युक्तीची जन्मकथा अमेरिकेंतली आहे, आणि ती जरा विस्तारानें सांगण्याजोगी आहे. १७ जुलै १९५५ रोजीं कॅलिफोर्नियांत डिस्नेलँड उघडलें. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत तेथें कुपनांचीं पुस्तकें निघालीं. साध्या गमतीला ‘ए’ कुपन, अधिक आवडीच्या गमतींना ‘बी’ आणि ‘सी’. पुढें ‘डी’ आलें आणि १९५९ सालीं ‘ई’. सर्वांत उत्कृष्ट पाळण्यांना हें ‘ई’ कुपन लागे, आणि पुस्तकांत तीं मोजकींच असत. म्हणून लोक तीं जपून खर्चीत. हा जत्रेंतलाच व्यवहार, फक्त कागदावर उतरलेला. १९८२ सालीं कुपनें बंद झालीं आणि दरवाज्यावरच्या एका तिकिटांत सारें आलें. तेव्हांपासून उत्कृष्ट पाळण्याला जितका खर्च तितकाच कंटाळवाण्या पाळण्याला. मग उत्कृष्ट पाळण्यापुढें रांग वाढत गेली तर नवल कसलें?

त्या रांगेवर उपाय म्हणून १९९९ सालीं डिस्नेच्या फ्लोरिडांतील उद्यानांत ‘फास्टपास’ सुरू झाला. तो फुकट होता, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. पाळण्याच्या दाराशीं एक यंत्र असे. त्यांत प्रवेशाचें तिकीट घातलें म्हणजे एक चिठ्ठी बाहेर येई आणि तीवर परत येण्याचा एक तास छापलेला असे. समजा, सव्वातीन ते सव्वाचार. तोंवर कोठेंहि हिंडावें, जेवावें, खरेदी करावी. त्या तासांत परत आलें कीं आखूड वाटेनें आंत. श्रीमंताला आणि गरिबाला चिठ्ठी सारखीच मिळे. २०१४ सालीं फ्लोरिडांत ही सोय कागदावरून मनगटाच्या पट्ट्यांत व मोबाइलांत गेली. २०२० मध्यें महामारीनें उद्यानें बंद पडलीं, आणि २०२१ च्या ऑक्टोबरांत सोय परत आली तेव्हां ती फुकट राहिली नव्हती. प्रथम माणशीं दिवसाला १५ डॉलर असा दर होता. २०२४ सालीं नांव पुन्हां बदललें, आकार मात्र कायम राहिला. बावीस वर्षें ज्याची लोकांना संवय लावली तेंच पुढें विकावयास काढलें, असें कोणी म्हटलें तर त्याला खोडून काढणें कठीण आहे. पैसे घेऊन पाळी राखण्याचा धंदा मात्र त्याच्या पुष्कळ आधीं दुसऱ्यांनीं आरंभला होता. सिक्स फ्लॅग्ज या अमेरिकन कंपनीच्या उद्यानांत २००१ सालापासून लो-क्यू या ब्रिटिश कंपनीचें मुठींत मावणारें एक यंत्र भाड्यानें मिळूं लागलें. पाळी आली कीं तें खिशांतल्या खिशांत सूचना देई.

आतां या पासाचें गणित पाहूं जातां तें मुळींच अवघड नाहीं. जुन्या अंकगणितांत हौद आणि नळ यांचीं उदाहरणें असत, तीं ज्यांनीं सोडविलीं आहेत त्यांना तर तें तोंडीहि जमेल. रांग हा हौद आणि पाळणा हा तो रिता करणारा नळ. समजा, पाळण्याच्या एका खेपेला २४ माणसें बसतात आणि दर दोन मिनिटांनीं एक खेप सुटते. तासाला ३० खेपा, म्हणजे ७२० माणसें. सकाळीं ११ वाजतां रांगेंत ७२० माणसें उभीं आहेत. तेव्हां शेवटच्या माणसाची पाळी १२ वाजतां यावयाची. आतां दर खेपेंतील ४ जागा पासवाल्यांसाठीं राखल्या आणि पासवाले एकामागून एक येत राहिले, असें धरूं. साध्या रांगेला २० जागा उरल्या. त्याच ७२० माणसांना ३६ खेपा लागतील, आणि शेवटचा माणूस १२ वाजून १२ मिनिटांनीं बसेल. बारा मिनिटें कोणी मनावर घेणार नाहीं. परंतु पास खपूं लागले, मालकाला गोडी लागली आणि निम्म्या जागा पासवाल्यांकडे गेल्या, तर ६० खेपा लागतील. शेवटचा माणूस १ वाजतां बसेल. अकरा वाजतां त्याच्या पुढें जितकीं माणसें होतीं तितकींच होतीं. त्यानें जागा सोडली नाहीं, तो उशीरा आला नाहीं, तरी त्याचा एक तास गेला.

तो तास पासवाल्यांच्या पदरांत पडला. पाळण्याची गति वाढली नाहीं, डबे वाढले नाहींत; तासाला ७२०च माणसें बसत आहेत. मग एकानें वांचविलेलें मिनिट दुसऱ्या कोणीं तरी खर्चिलेलेंच असावयाचें. रांगांचें एक शास्त्र आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींतील एर्लांग नांवाच्या गणित्यानें १९०९ सालीं त्या विषयावरचा आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला. टेलिफोन जोडून मिळण्यासाठीं किती जणांना खोळंबावें लागेल हा त्याचा प्रश्न होता. पुढें १९६१ सालीं अमेरिकेंत जॉन लिटल यांनीं एक साधा दिसणारा नियम सिद्ध केला, तो असा: रांगेंतील माणसांची सरासरी संख्या म्हणजे दर मिनिटाला येणारीं माणसें गुणिलें प्रत्येकाचा सरासरी खोळंबा. या नियमाला कोण आधीं आला आणि कोणीं अधिक पैसे दिले याच्याशीं कर्तव्य नाहीं. येणारीं माणसें तितकींच आणि पाळण्याची शक्ति तितकीच असेल, तर क्रम कसाहि लावला तरी सरासरी खोळंबा तेवढाच राहतो. तो कोणाच्या वांट्याला किती यावा, एवढेंच क्रमानें ठरतें.

फुकट चिठ्ठीच्या पद्धतींतहि एक मेख आहे, आणि ती चटकन् दिसत नाहीं. साध्या रांगेंत एक माणूस एका वेळीं एकाच ठिकाणीं उभा राहूं शकतो. लांब रांग दिसली कीं पुष्कळ जण मागें फिरतात. म्हणजे रांगच रांगेला आळा घालते. चिठ्ठी हातीं आली कीं माणूस कागदावर एका रांगेंत असतो आणि शरीरानें दुसऱ्या. एकाच्या दोन पाळ्या चालू झाल्या. अशीं हजारों माणसें झालीं कीं ज्या किरकोळ पाळण्यांपुढें पूर्वीं कोणी थांबत नसे तेथेंहि रांगा लागतात, आणि ज्यानें चिठ्ठी घेतली नाहीं तो दोन्हीकडे मागें पडतो. उद्यानाच्या मालकाला मात्र यांत दुःख नाहीं. कठड्यांत उभा असलेला माणूस कांहीं विकत घेऊं शकत नाहीं. मोकळा सुटलेला माणूस खाद्यपेयांच्या दुकानाकडे वळतो.

रांग खरोखर आखूड करावयाची तर पाळण्याची शक्ति वाढविली पाहिजे. तीहि वाटेल तशी वाढत नाहीं. जलोद्यानांत उंच घसरगुंडीच्या माथ्यावर उभा असलेला नोकर, खालचा माणूस हौदांतून बाजूला झाल्याशिवाय दुसऱ्याला सोडीत नाहीं. आणि त्यानें सोडूंहि नये. ती अर्ध्या-पाऊण मिनिटाची वाट जिवाच्या रक्षणाची आहे. परंतु शेजारीं दुसरी घसरगुंडी बांधतां येते. गाडीला डबे जोडतां येतात. चढण्याचा फलाट आणि उतरण्याचा फलाट वेगळे ठेवतां येतात, म्हणजे एक खेप रिकामी होत असतां दुसरी भरते. परदेशच्या कांहीं उद्यानांत एकट्यानें बसण्यास तयार असलेल्यांची निराळी आखूड रांग ठेवतात. तीन जणांचें कुटुंब चार जागांच्या डब्यांत बसलें कीं चौथी जागा रिकामी जाते. ती या रांगेंतील एकट्याला देतात. तोहि रांग ओलांडूनच पुढें जातो, पण कोणाचें कांहीं घेऊन जात नाहीं, कारण ती जागा एरवीं फुकटच जावयाची होती.

हा भेद विरार-वसईच्या रोजच्या व्यवहारांत तपासून पाहण्याजोगा आहे. विरारच्या जीवदानीच्या डोंगरावर १,३०० हून अधिक पायऱ्या आहेत आणि रज्जुमार्गहि आहे. पैसे भरून वर जाणारा माणूस पायऱ्या चढणाऱ्याचा वेळ घेत नाहीं. त्याची वाट निराळी, त्याला लागणारी शक्ति निराळी. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर खानिवडे येथें टोलनाका आहे. २०२१ च्या फेब्रुवारींत राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला, तेव्हां प्रत्येक गाडीमागें खिडकींत लागणारा वेळच कमी झाला. सुटे पैसे मोजणें संपलें आणि मागच्याचाहि फायदा झाला. (घोडबंदरच्या कोंडीला त्याचा उपयोग झाला नाहीं, पण तें दुखणें नाक्याचें नव्हे.) स्टेशनावर मोबाइलवर तिकीट काढणारा प्रवासी खिडकीवरची रांग ओलांडतो, आणि ओलांडतांना ती एका माणसानें कमीहि करतो. रांग ओलांडण्याचे हे सारे प्रकार निर्दोष आहेत, कारण ते नळ मोठा करतात किंवा हौदांतलें पाणी दुसरीकडे वळवितात.

लोकलचा पहिला वर्ग मात्र या जातींत बसत नाहीं. गाडी तीच, रूळ तेच, आणि गाडीची लांबी ठरलेली. पहिल्या वर्गाला दिलेली जागा दुसऱ्या वर्गांतून वजा होते. २५ डिसेंबर २०१७ रोजीं पश्चिम रेल्वेवर पहिली वातानुकूलित लोकल धांवली आणि हीच वजाबाकी वेळापत्रकांत आली. गर्दीच्या वेळीं एका रुळावरून तासाला जितक्या गाड्या सुटूं शकतात तितक्याच सुटतात. साध्या गाडीच्या वेळेवर वातानुकूलित गाडी लावली कीं त्या वेळच्या साध्या प्रवाशांना मागच्या गाडीची वाट पाहावी लागते, आणि ती आधींच भरलेली असते. २०२२ च्या ऑगस्टांत कळवा व बदलापूर येथील प्रवाशांनीं यावरूनच विरोध केला. तरीहि रेल्वेच्या बाजूनें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पहिल्या वर्गाचे डबे किती आणि फलाटावर कोठें येणार हें ठरलेलें असतें, पासाचा दर जाहीर असतो, आणि वातानुकूलित गाडी कोणत्या वेळेची हें वेळापत्रकांत छापलेलें असतें. दुसऱ्या वर्गाचा पास काढणाऱ्याला आपण किती जागांवर हक्क सांगूं शकतों हें आधींच माहीत असतें.

देवस्थानांतहि हा प्रश्न आहेच. तिरुपतीला ३०० रुपयांचें विशेष प्रवेश-दर्शन आहे, शिर्डीलाहि सशुल्क दर्शनाचे पास मिळतात. पंढरपुरांत पदस्पर्शाची बारी वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. ज्याला वेळ कमी तो दुरून मुख पाहून निघतो. तेथें आखूड बारीचें मोल पैशांत द्यावें लागत नाहीं, तें दर्शनाच्या जवळिकींत चुकतें होतें. ही तडजोड मोठी शहाणपणाची आहे, आणि करमणुकीच्या धंद्यानें तिच्याकडे पाहिलेलें दिसत नाहीं.

आतां पास विकणाऱ्यांची बाजू. ते म्हणतात कीं प्रत्येकाच्या वेळेचें मोल सारखें नसतें. परदेशाहून चार दिवसांसाठीं आलेल्या माणसाला तास मोलाचा, पैसा तितका नाहीं. त्याला पास घेऊं द्यावा. पासाच्या उत्पन्नावर साधें तिकीट स्वस्त ठेवतां येतें, म्हणजे रांगेंतल्यालाहि त्याच्या खोळंब्याचा मोबदला मिळतो. शिवाय जत्रेंतहि ज्याच्या खिशांत पैसे तोच पुन्हां पुन्हां पाळण्यांत बसतो. मग उद्यानावरच रोष कां?

यांतला पहिला मुद्दा खरा आहे. दुसरा खरा असूं शकेल, पण तो सिद्ध करण्याचें ओझें विकणाऱ्यावर आहे. साध्या तिकिटाची किंमत पासामुळें इतक्या रुपयांनीं उतरली, असें कोणत्या उद्यानाच्या दरवाज्यावर लिहिलेलें असतें? तिसरा मुद्दा मात्र टिकत नाहीं. जत्रेंतला पाळणेवाला एक जागा एकदांच विकतो. उद्यानानें सकाळीं दरवाज्यावर साध्या तिकिटांत ‘दिवसभर वाटेल तितक्या वेळां’ असें म्हणून सर्व जागा एकदां विकलेल्या असतात. दुपारीं त्यांतल्याच जागा पासवाल्याला तो पुन्हां विकतो. दहा ते सहा असा आठ तासांचा दिवस धरला आणि प्रत्येक पाळण्यापुढें तासाचा खोळंबा असला, तर साध्या तिकिटावर सात वेळां बसणें होईल. खोळंबा दोन तासांचा झाला तर चार वेळां होणेंहि कठीण. तिकिटावरचा मजकूर एका अक्षरानेंहि बदललेला नाहीं, आणि सातांचे चार, कदाचित् तीन झाले. पास किती खपले हें साधें तिकीट घेणाऱ्याला कोणी सांगत नाहीं. हें सांगितलें जात नाहीं, तोंवर हा सौदा डोळसपणें केलेला सौदा म्हणतां येत नाहीं.

याहून घातक गोष्ट पुढें आहे. पासाची किंमत रांगेच्या लांबीवर उभी असते. पावसाळ्यांतल्या एखाद्या मंगळवारीं, उद्यान ओस असतांना, पासाला कवडीचें मोल नसतें. दिवाळीच्या सुटींत रांग दोन तासांवर गेली कीं लोक काकुळतीला येऊन तो मागतात. ज्या मालकाला रांगेपासून कांहीं मिळत नाहीं त्याला रांग म्हणजे तक्रारींचें घर. ती कमी करण्यासाठीं तो डबा जोडील, नोकर वाढवील, दुसरी घसरगुंडी बांधील. ज्याला रांगेपासून उत्पन्न होतें त्यानें नवा डबा जोडला तर पासाचा खप घटतो. तो मुद्दाम रांग वाढवितो असें म्हणण्याचें कारण नाहीं. पण रांग कमी करण्याची निकड त्याला पूर्वींसारखी राहणार नाहीं, हें व्यापार कळणाऱ्या कोणालाहि समजेल.

सर्वच प्राधान्य वाईट, असा याचा अर्थ नव्हे. अपंग, फार वृद्ध, किंवा ज्या मुलाला गर्दीचा व गोंगाटाचा त्रास होतो असें मूल, यांना कठड्यांत तासभर उभें करणें निर्दयपणाचें होईल. परंतु या सवलतीलाहि पैशाची हवा लागूं शकते. डिस्नेच्या उद्यानांत अशा पाहुण्यांना पुढें सोडण्याची रीत होती. कांहीं धनिक कुटुंबें एखाद्या अपंग व्यक्तीला पैसे देऊन दिवसभर बरोबर नेतात आणि तिच्या नांवावर स्वतः पुढें जातात, अशी बातमी २०१३ सालीं वर्तमानपत्रांत आली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत कंपनीनें रीत बदलली. ज्याला उभें राहतां येत नाहीं त्याला परत येण्याची वेळ लिहून देऊं लागले. ती वेळ साध्या रांगेच्या खोळंब्याएवढ्याच अंतरावरची. त्यानें सावलींत बसून वाट पाहावी; त्याचा क्रम तोच राहील आणि दुसऱ्या कोणाचा ढळणार नाहीं. कष्ट वाचवावे, पाळी विकूं नये, हें तत्त्व त्यांत चांगलें साधलें आहे. खरोखर ज्यांना गरज होती अशा कांहींना तेवढें पुरेसें वाटलें नाहीं, आणि त्यांची तक्रारहि ऐकण्याजोगी होती.

तिकिटाच्या खिडकीशीं उभ्या असलेल्या गृहस्थाला मात्र तत्त्वापेक्षां निकालाची घाई असते. त्यानें दोन-तीन गोष्टी विचारून घ्याव्या. पास सर्व पाळण्यांवर चालतो कीं ठराविक, आणि ज्या पाळण्यासाठीं मुलें आलीं आहेत तो त्यांत आहे काय? प्रत्येक पाळण्यावर एकदांच चालतो कीं कितीहि वेळां? त्या दिवशीं विकावयाच्या पासांना कांहीं मर्यादा आहे काय? शेवटच्या प्रश्नाला उत्तर मिळालें नाहीं तर पासवाल्यांचीच रांग लागण्याची शक्यता धरून चालावें. निम्मे लोक पासवाले झाले कीं ‘पुढची’ पाळी हा शब्द नुसता नांवाला राहतो. चौघांच्या पासांना अधिक लागणारी रक्कम वांचणाऱ्या तासांनीं भागून पाहावी. शाळा चालू असतांना मधल्या वारीं जाणें साधलें तर भागाकाराची गरजच पडत नाहीं. तें न साधल्यास उद्यान उघडतांक्षणीं आंत शिरून सर्वांत गाजलेल्या पाळण्याकडे प्रथम वळावें, कारण पहिल्या तासांत रांग तयार व्हावयाची असते. आणि दुपारीं लोक जेवावयास वळतात तेव्हां आपलें जेवण उरकलेलें असावें. आणखी एक. मोठ्या पाळण्यांच्या दाराशीं उंचीची पट्टी उभी केलेली असते. तीखालीं भरणाऱ्या मुलाला कोणत्याहि पासावर आंत घेत नाहींत. तेव्हां मुलांची उंची घरींच, दाराच्या चौकटीशीं उभें करून, मोजून निघावें.